खिळ्याचें डोकें: दाखवावें कीं झांकावें?

बडनेऱ्याहून अमरावतीकडे येणारा रस्ता शहराच्या जुन्या परकोटाशीं पोहोंचण्यापूर्वीं राजापेठेंतून जातो. आज राजापेठ अगदीं भर वस्तींत मोडते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं परकोट हीच शहराची मर्यादा होती, आणि आज जिला आपण राजापेठ म्हणतों ती जागा त्या मर्यादेच्या बाहेर पडत असे. हा परकोट बांधण्यास निजाम सरकारनें १८०७ सालीं आरंभ केला. कारण उघड होतें. अमरावतीच्या व्यापाऱ्यांजवळ पैसा होता, आणि त्या पैशावर पेंढाऱ्यांचा डोळा होता. वीस ते सव्वीस फूट उंचीची, सुमारें सव्वादोन मैल घेराची दगडी भिंत, तिला पांच दरवाजे व चार खिडक्या, असा हा बंदोबस्त होता. येथें खिडकी म्हणजे वाऱ्याउजेडाची नव्हे. माणसांच्या येण्याजाण्यापुरत्या लहान वेशीस हें नांव आहे. अंबा, नागपुरी, खोलापुरी, महाजनपुरा आणि आज जवाहर हें नांव धारण करणारा, असे ते पांच दरवाजे.

आतां अशी कल्पना करावी कीं, दिवेलागण होऊन गेली आहे, वेशी लागल्या आहेत, आणि एकादा उशिरा आलेला वाटसरू राजापेठेच्या बाजूनें येऊन बंद वेशीपुढें उभा राहिला आहे. त्याला काय दिसत असेल? त्या काळच्या वेशींचीं व वाड्यांचीं कवाडें महाराष्ट्रांत जेथें जेथें शिल्लक आहेत तेथें पाहिलें असतां पहिल्यानें डोळ्यांत भरतात तीं खिळ्यांचीं डोकीं. आडव्या ओळींनीं, मोजून मापून बसविलेलीं, एकेक डोकें जुन्या रुपयाएवढें किंवा त्याहूनही मोठें. आणि हीं सारीं डोकीं दाराच्या बाहेरच्या अंगास असतात. ज्या पहारेकऱ्याचा त्या दाराशीं अहोरात्र संबंध, त्याच्या वांट्यास खिळ्यांचीं नुसतीं मुरडलेलीं टोंकें येतात. डोकें परक्यासाठीं आणि टोंक घरच्यासाठीं, ही वांटणी कोणी व कां केली, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. पण त्याच्या पोटांत दोन धंद्यांचा व दोन प्रकारच्या अभिमानांचा इतिहास सांठविलेला आहे.

वेशीचें कवाड म्हणजे एक अखंड फळी नव्हे. तेवढ्या रुंदीची फळी देणारा साग मेळघाटांतही सहसा मिळावयाचा नाहीं. उभ्या फळ्या शेजारीं शेजारीं लावून त्यांच्या पाठीशीं जाड आडव्या पट्ट्या घालाव्या लागतात, आणि फळी व पट्टी एकजीव करण्याचें काम खिळा करतो. हा खिळा लोहार हातानें घडवी: अंगानें चौकोनी, टोंकाकडे निमुळता, आणि डोक्याशीं चपटा अथवा घुमटासारखा ठोकलेला. तो बाहेरून आंत मारावयाचा, पट्टीपलीकडे बोट-दीड बोट टोंक निघूं द्यावयाचें, आणि तें मुरडून पुन्हां लांकडांत बसवावयाचें. अशा खिळ्यास डोक्याकडून उपटूं गेलें तर मुरडलेलें टोंक त्याला सोडीत नाहीं. आणि टोंक सरळ करावयाचें तर माणूस दाराच्या आंत असावा लागतो. सारी गोम येथेंच आहे. बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातीं केवळ एक गुळगुळीत डोकें लागतें. चिमट्यानें धरावयास त्याला कांहीं सांपडत नाहीं. खिळा उलट्या बाजूनें मारला असता तर टोंक शत्रूच्या पुढ्यांत आलें असतें, आणि एक चिमटा व थोडासा अंधार एवढ्या भांडवलावर फळी निघाली असती. शिवाय डोकीं दाट असलीं म्हणजे कुऱ्हाडीची धार लांकडापर्यंत पोहोंचण्यापूर्वींच लोखंडावर बोथटते, हा फायदा निराळाच.

म्हणजे डोकें बाहेर ठेवण्यांत आरंभीं शोभेचा विचार नव्हता, निकडीचा होता. पण निकड एकदां दृष्टीस पडूं लागली कीं तिला रूप येतें, आणि रूप आलें कीं तिला मिरवावेंसें वाटतें. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला व वास्तुशांति २२ जानेवारी १७३२ रोजीं झाली. त्याच्या उत्तरेकडील दिल्ली दरवाज्याच्या प्रत्येक कवाडावर नऊ बाय आठ अशा मांडणीनें बहात्तर पोलादी सुळे आहेत. प्रत्येक सुमारें फूटभर लांब. युद्धांतील हत्तीचें गंडस्थळ जेथें येऊन भिडेल तेथून ही मांडणी सुरू होते. हत्ती मस्तकानें दार रेटतो, म्हणून दारानेंच त्याच्या मस्तकास टोंचावें, हा त्यामागील हिशेब. हिशेब चोख खरा. परंतु अठराव्या शतकाच्या दुसऱ्या पादांत दरवाज्याचा खरा वैरी तोफ होती, हत्ती नव्हे. तोफेच्या गोळ्याला सुळे टोंचत नाहींत. तेव्हां ते सुळे शत्रूच्या हत्तीपेक्षां मित्रांच्या पालख्यांसाठींच अधिक असावेत, असें म्हणण्यास हरकत नाहीं. वाडा नाहींसा झाला तो १८२८ च्या फेब्रुवारींत आंत लागलेल्या आगीनें. हत्तीनें नव्हे कीं तोफेनेंही नव्हे.

बाहेरून दाखविलेल्या बळाची खरी परीक्षा वऱ्हाडानें १८०३ सालीं पाहिली. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड त्या वेळीं नागपूरकर भोसल्यांकडे होता, व बेनीसिंग हा त्याचा किल्लेदार होता. इंग्रजांकडून दक्षिणेच्या बाजूनें आर्थर वेलस्ली आणि उत्तरेच्या बाजूनें कर्नल स्टीव्हन्सन असे दोघे चालून आले. स्टीव्हन्सनच्या लोकांनीं मेळघाटाच्या डोंगरांतून वाट पाडीत तोफा ओढून आणल्या. १५ डिसेंबर रोजीं बाहेरच्या तटास पडलेल्या खिंडारांतून हल्ला झाला. परंतु आंतला तट अभंग होता व त्याचा दरवाजाही बंद होता. तो दरवाजा तोफेनें फोडला नाहीं, हत्तीनें रेटला नाहीं, कीं कुऱ्हाडीनें तोडला नाहीं. कॅप्टन कॅम्पबेल नांवाचा अधिकारी ९४ व्या पलटणीचे शिपाई घेऊन शिड्यांनीं भिंतीवर चढला, आंत उतरला, आणि त्यानें दार आंतून उघडलें. बेनीसिंग लढतां लढतां पडला. बाहेरचीं डोकीं जेथल्या तेथें राहिलीं. गड गेला तो टोंकांच्या बाजूनें.

दोनच दिवसांनीं, १७ डिसेंबरला, देवगांवचा तह झाला, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून निजामाच्या हातीं गेला. अमरावतीचा परकोट भोसल्यांनीं न बांधतां निजामानें बांधला त्याचें कारण हें. नवा धनी आला, आणि चार वर्षांत त्यानें भिंतीचें काम काढलें. त्या भिंतीच्या चार खिडक्यांपैकीं एकीस खुनारी खिडकी म्हणतात. १८१८ सालीं तिच्यापाशीं झालेल्या झुंजींत सातशें माणसें पडल्याची नोंद आहे. नांवांतला खून तो हाच. पांच मोठ्या दरवाज्यांना सोडून हें नांव एका लहान खिडकीच्या वांट्यास यावें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

असो. वेशीपासून घराकडे वळलें म्हणजे प्रश्नाचें रूप पालटतें. गांवगाड्यांतील बारा बलुतेदारांत सुतार आणि लोहार दोघेही आहेत, पण दोघांची कारागिरीची कसोटी निरनिराळी आहे. लोहाराचें कसब त्याच्या खिळ्याच्या डोक्यांत दिसतें. डोकें जितकें साफ, जितकें घुमटदार, तितका हात बसलेला. सुताराचें कसब न दिसण्यांत आहे. एका लांकडास खांच, दुसऱ्यास त्या खांचेंत घट्ट बसणारें कुसूं, आणि हवीच तर आडवी एक लांकडी मेख. सांधा कोठें आहे तें बोटानें चांचपावें लागलें तर तो सांधा साधला. खिळा मारून काम भागविणाऱ्या सुतारास जुने लोक चांगला सुतार म्हणत नसत. ही वृत्ति लांकडापुरती आहे असेंही नाहीं. लोणारच्या दैत्यसूदनाच्या देवळासारखीं जीं हेमाडपंती म्हणून ओळखलीं जाणारीं देवळें वऱ्हाडांत आहेत, त्यांच्या भिंतींत चुना नाहीं. दगडावर दगड स्वतःच्या घडणीनें व स्वतःच्या वजनानें बसला आहे. बांधणाऱ्यानें आपली गांठ झांकली नाहीं, त्यानें गांठच ठेवली नाहीं. दार ही मात्र अशी वस्तु आहे कीं तेथें सुतार आणि लोहार या दोघांनाही एकत्र यावें लागतें, आणि दोघांपैकीं कोणाचा अभिमान वर राहणार याचा निकाल दाराच्या अंगावरच लिहिलेला असतो.

घरांतील दोन वस्तूंवरून हा निकाल फार स्पष्ट दिसतो. एक पाट आणि दुसरी बंगई. पाट म्हणजे एक फळी आणि तिच्याखालीं दोन आडव्या पट्ट्या. रचना अगदीं वेशीच्या कवाडाची. पण येथें चांगला कारागीर खिळा खालून मारतो, कारण वरच्या बाजूस माणूस बसावयाचा असतो. खिळा वरून मारलाच तर त्याचें डोकें लांकडांत खोल बसवून वरून मेण व भुसा भरावा लागतो. नाहींतर नेसूं फाटतें आणि घरधनीण सुताराचें नांव काढते, तें चांगल्या अर्थानें नव्हे. परंतु त्याच पाटाच्या चार कोपऱ्यांवर, जेथें कोणाचें अंग लागत नाहीं, तेथें पितळी फुल्या जडविलेल्या असतात, आणि लग्नाच्या पाटावर त्या घासून लखलखीत केलेल्या असतात. बंगईचें तसेंच. वऱ्हाडांत झोपाळ्यास बंगई म्हणतात हें बाहेरच्यांस सांगावें लागतें. तिच्या फळीच्या चार कोपऱ्यांतून कड्यांचे दांडे आरपार जातात. वर पितळेची कडी व फूल दिसतें, खालीं नट किंवा ठोकून पसरविलेलें टोंक असतें. माणसाच्या बैठकीच्या जागीं मात्र लोखंडाचा मागमूस नसतो. म्हणजे नियम असा कीं, जेथें नजर पोहोंचते तेथें डोकें दाखवावें, आणि जेथें अंग पोहोंचतें तेथें तें झांकावें. हा नियम कोणी ग्रंथांत लिहून ठेवलेला नाहीं. पण पाट करणाऱ्या प्रत्येक सुताराच्या हातांत तो असतो.

पुढें पुढें या फुल्यांचा खिळ्याशीं असलेला संबंधच तुटला. वाड्यांच्या दारावर ओळीनें बसविलेल्या पितळी फुल्यांपैकीं कांहींच्या खालीं खरा खिळा असे, आणि कांहीं केवळ ओळ पुरी करण्यासाठीं वर चिकटविलेल्या असत. आज तर अशा फुल्या तयार मिळतात, आणि कारखान्यांत दाबून केलेल्या एकसंध दारावर, ज्याला जोडावयाचें कांहींच नाहीं, त्या खुशाल लावल्या जातात. लग्नकार्याच्या मंडपापुढें उभारलेल्या किल्ल्याच्या दरवाज्यावर हत्तीला अडविणारे सुळेही असतात; ते मऊ असतात इतकेंच. यांत कोणाचें नुकसान नाहीं. पण खोटा खिळा पाहून खऱ्याचीही शंका यावी, हा त्याचा दोष आहेच.

यंत्रयुगानें या वादांत एक नवें माप आणलें. पुलांच्या तुळया आणि आगबोटींचे पत्रे रिवेटांनीं जोडले जाऊं लागले, तेव्हां रिवेटांचीं डोकीं लपविण्याचा विचार कोणाच्या मनांत आला नाहीं. पुलाला हत्ती नाहीं आणि बैठकही नाहीं. विमानाची गोष्ट निराळी. पत्र्याच्या वर उठलेलें प्रत्येक डोकें वाऱ्याला अडवितें, आणि वारा त्याची किंमत वेगांतून वसूल करतो. इंग्लंडांत स्पिटफायर या लढाऊ विमानाचा पहिला नमुना ५ मार्च १९३६ रोजीं उडाला. त्यावर सपाट डोक्याचे, पत्र्याच्या पातळींत बसणारे रिवेट मारले होते. पण ते मारावयास वेळ फार लागे व खर्चही फार येई. मग कोठले रिवेट घुमटदार ठेवले तर चालतील हें ठरविण्यासाठीं तेथल्या लोकांनीं एक युक्ति केली, कीं जी वऱ्हाडच्या कोणाही गृहिणीला सुचली असती. वाटाण्याच्या डाळीचे दाणे आणून एकेक दाणा एकेका रिवेटावर चिकटविला, विमान उडविलें, वेग मोजला. मग एका भागावरचे दाणे काढून पुन्हां उडविलें, पुन्हां मोजला. सर्व दाणे असतां ताशीं सुमारें बावीस मैलांचा वेग घटला. आणि मौज अशी कीं, घट सर्वत्र सारखी नव्हती. पंखावर डोकीं लपविणें अवश्य ठरलें, पण विमानाच्या धडावर कांहीं ठिकाणीं तीं उघडीं ठेवूनही फारसें बिघडत नव्हतें. दाखवावें कीं झांकावें याचा जबाब आवडीवर न सोंपवितां तो असा जागोजागीं तपासून पाहिला गेला.

हाच वाद आज अगदीं अनपेक्षित ठिकाणीं पुन्हां निघाला आहे. नाणें टाकून खेळावयाच्या ज्या विजेच्या पेट्या १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ व १९८० च्या ‘पॅक-मॅन’ या खेळांनीं जगभर पसरविल्या, त्यांच्या छातीशीं एक तिरपी फळी असते. तीवर एक दांडी व कांहीं बटणें असतात. ती दांडी फळीखालीं एका पत्र्यावर बसविलेली असून चार बोल्टांनीं फळीस आवळलेली असते. अशा पुष्कळ जुन्या पेट्यांत या बोल्टांचीं काळीं, घुमटदार डोकीं फळीवर उघडीं दिसत. हा बोल्ट मूळचा घोडागाड्यांचा. त्याच्या डोक्यावर पान्यास किंवा पेंचकसास धरावयास जागाच नसते. डोक्याखालीं चौकोनी मान असते, ती लांकडांत रुतून बसते, आणि नट मात्र आंतल्या बाजूस. पेटी बाजारांत उभी, आंत नाण्यांचा गल्ला, आणि सभोंवतीं रिकामटेकडीं मुलें. बाहेरच्याच्या हातीं गुळगुळीत डोकें आणि धन्याच्या हातीं नट! अमरावतीच्या वेशीपुढें उभा असलेला वाटसरू हें पाहतांच ओळखील.

आतां या जुन्या पेट्यांचे शौकीन घरच्या घरीं प्लायवुडची फळी कापून तशीच पेटी तयार करतात, आणि अर्धें काम होतें न होतें तों त्यांच्यांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, डोकीं दिसलींच पाहिजेत. त्यांवांचून ती पेटी खरी वाटत नाहीं. दुसरा म्हणतो, घरांत गल्ला नाहीं आणि चोर नाहीं, मग ज्यांवर मनगट घासतें तीं डोकीं हवींत कशाला? पाट करणारा सुतार या दुसऱ्या पक्षाचा, यांत संशय नाहीं. परंतु झांकण्याचीही किंमत पडते, आणि ती बहुधा मागाहून कळते. फळीच्या पोटांत खालून खांच कोरून आंखूड स्क्रूंनीं पत्रा बसवावा तर पाऊण इंचाच्या फळीची जाडी तेथेंच कमी होते, आणि सर्वांत अधिक ओढाताण होते ती नेमकी दांडीच्या जागीं. बोल्ट वरूनच घालून डोकीं लांकडांत बुडवावींत आणि वरून रंगीत पत्रक चिकटवून टाकावें, हा दुसरा मार्ग. तो दिसावयास सुरेख. पण वर्षा-दोन वर्षांनीं एकादा बोल्ट सैल पडून जागच्या जागीं फिरूं लागला म्हणजे खालून नट कितीही आवळला तरी व्यर्थ. डोकें धरावयाचें तर सारें पत्रक फाडावें लागतें. उघड्या डोक्याच्या धन्यास हा त्रास नाहीं. तिसरा मार्ग दुहेरी फळीचा: बोल्ट खालच्या फळीस, आणि वर निराळी पातळ फळी, कीं जी हवी तेव्हां काढतां येईल. हा तिसरा मार्ग खर्चाचा खरा, पण झांकलेलें पुन्हां उघडतां येणें हा त्याचा गुण इतर दोघांत नाहीं.

झांकलेलें पुन्हां उघडतां येण्याचें महत्त्व ज्यांना सर्वांत अधिक, ते लोक म्हणजे जुन्या दरवाज्यांची डागडुजी करणारे. कवाडाची एक पट्टी कुजली, पांचपंचवीस खिळे गंजून गेले. आतां नवें लोखंड घालावयाचें तें कसें? साग या बाबतींत मोठा उपकारी. विलायतेच्या ओक लांकडांतील आम्ल लोखंडास खातें, तर सागांतील तेल त्याला जपतें. म्हणूनच मुंबईच्या गोदींत १८१७ सालीं सागाचें बांधलेलें ‘ट्रिंकोमाली’ हें जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही तरंगतें आहे. तरी शेंदोनशें वर्षांनीं खिळा बदलण्याची वेळ येतेच. लोहाराकडून हुबेहूब जुन्यासारखें डोकें घडवून घ्यावें, तर पुढच्या पिढीस तेंही जुनेंच वाटेल, आणि तें एक प्रकारचें खोटें बोलणें होय. बाजारांतला षट्कोनी डोक्याचा बोल्ट तसाच मारावा, तर खोटें कांहीं नाहीं, पण दारापुढें उभें राहवत नाहीं. आंतून कोठें तरी लपवून बसवावा, तर बाहेरच्या ओळींत दांत पडल्यासारखी रिकामी जागा राहते.

१९६४ सालीं व्हेनिस येथें जमलेल्या वास्तुतज्ज्ञांनीं जी सनद तयार केली तींत या पेंचाचें उत्तर आहे: नवा भाग जुन्याशीं सुसंगत दिसला पाहिजे, पण जुन्यापासून निराळा ओळखतांही आला पाहिजे. व्यवहारांत याचा अर्थ असा होतो कीं, दहा पावलांवरून ओळ अखंड दिसावी, आणि हात लावून पाहणाऱ्यास नवें डोकें कोणतें तें कळावें. डोकें घुमटदारच, पण ठोक्यांच्या खुणा नसलेलें. बाहेर तेंच माप, आंत मात्र मुरडलेल्या टोंकाऐवजीं नट, म्हणजे पुढच्या कारागिरास तें सोडवितां यावें. कांहीं ठिकाणीं अशा नव्या तुकड्यावर डागडुजीचें वर्ष कोरून ठेवण्याचीही रीत आहे. दाराच्या बाबतींत तें वर्ष कोरावयाचें तें आंतल्या बाजूस, जेथें पूर्वीं पहारेकरी पाठ टेंकून बसत असे.